कॉट⁻¹(−√३): १५० अंश की उणे ३० अंश?

देवगडच्या एका बारावी सायन्सच्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "कॉट इन्व्हर्स उणे रूट तीन याचं उत्तर पुस्तकात ५पाय/६ (५π/६), म्हणजे १५० अंश दिलंय. कॅल्क्युलेटरवर कॉट इन्व्हर्सचं बटणच नाही, म्हणून मी १ भागिले उणे रूट तीन करून टॅन इन्व्हर्स घेतला, तर उणे ३० आलं. दोन्ही कोनांचा कॉट काढून बघितला, तो उणे रूट तीनच येतो. मग माझं उत्तर चूक कसं? आणि टॅनमध्ये बदलूनच सगळं सुटत असेल तर हे वेगळं फल (फंक्शन) शिकायचं कशाला?"

आधी थेट उत्तर देतो. बोर्डाच्या पुस्तकाप्रमाणे १५० अंशच बरोबर. तुझा −३० हा कोन खोटा नाही, त्याचा कॉट खरोखरच −√३ आहे. पण कॉट⁻¹ म्हणजे "ज्याचा कॉट इतका आहे असा कुठलाही कोन" नव्हे. "० आणि १८० अंशांच्या मधला, ज्याचा कॉट इतका आहे असा एकमेव कोन" म्हणजे कॉट⁻¹. आणि १ भागून टॅनमध्ये बदललं की सगळं सुटतं असंही नाही. क्ष, म्हणजे कंसातली संख्या, धन असेल तोवर सुटतं, ऋण झाला की १८० अंशांची तफावत येते आणि शून्य असेल तर कॅल्क्युलेटर 'मॅथ एरर' दाखवून मोकळा होतो. तिन्ही गोष्टींचं कारण एकच आहे. ते नीट कळलं की या फलाबद्दल पाठ करण्यासारखं फारसं उरत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच बाजूला करू. कॉट⁻¹ मधला −१ हा घातांक नाही. १ भागिले कॉट म्हणजे टॅन. कॉट⁻¹ म्हणजे उलट दिशेचा प्रवास, संख्या देऊन कोन मागणं. जॉन हर्शेलने १८१३ साली ही लिहिण्याची पद्धत सुचवली आणि तेव्हापासून दरवर्षी नव्या मुलांना ती चकवते. तुझा तसा घोटाळा झालेला नाही हे प्रश्नावरून दिसतंय, म्हणून यावर थांबत नाही.

आता कॉटचा आलेख वहीत काढ. खरंच काढ, नुसता डोळ्यांसमोर आणू नकोस. ० अंशाला कॉट नाही. ० च्या जरासा पुढे तो प्रचंड मोठा असतो. ३० अंशाला √३, ४५ ला १, ९० ला शून्य, १३५ ला −१, १५० ला −√३, आणि १८० जवळ येईल तसा खोल खाली जातो. १८० ला पुन्हा तुटतो आणि तीच रेघ नव्याने सुरू होते. म्हणजे कॉट दर १८० अंशांनी स्वतःला गिरवतो. −√३ ही किंमत −३० ला मिळते, १५० ला मिळते, ३३० ला मिळते, दोन्हीकडे संपणारच नाही इतक्या ठिकाणी मिळते. उलट जायचं तर यातला एकच तुकडा हातात धरावा लागतो, आणि तो असा हवा की प्रत्येक संख्या त्यात एकदा आणि एकदाच भेटेल.

असे तुकडे अनेक आहेत. त्यातले दोन लोकांनी खरोखर वापरले आहेत. पहिला म्हणजे ० ते १८०, दोन्ही टोकं सोडून. दुसरा −९० ते ९०, त्यातलं ० वगळून आणि ९० हे एक टोक घेऊन. तू टॅन इन्व्हर्समधून गेलीस तेव्हा नकळत दुसरा तुकडा उचललास. आता आलेखावर बोट ठेव. ० ते १८० मध्ये रेघ एकसंध आहे, पेन न उचलता काढता येते. −९० ते ९० मध्ये मात्र दोन वेगवेगळ्या रेघांचे अर्धे अर्धे भाग येतात आणि मध्ये ० ला दरी पडते. पुस्तकाने एकसंध तुकडा निवडला. ही निवड माणसांची आहे, निसर्गनियम नाही. पण ती सोयीपुरती आहे असंही मी म्हणणार नाही. आपल्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला ती अंगणात उभी राहून तपासता येते, आणि या फलाची ओळख करून द्यायला मला याहून चांगला रस्ता माहीत नाही.

मोकळ्या जागी १०० सेंटिमीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी कर. सूर्य मध्यान्हीला येईल तेव्हाची तिची सावली मोजायची. आपल्याकडे खरी मध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि रत्नागिरी ७३.३ च्या आसपास, त्यामुळे साडेबारा उलटून गेल्यावर सूर्य मधोमध येतो. सावली सगळ्यात आखूड होते तो क्षण पकडायचा. सूर्याची उंची दक्षिण क्षितिजापासून वर मोजू आणि तिला थीटा म्हणू. सावली उत्तरेकडे पडली तर तिची लांबी धन धरू. मग काटकोन त्रिकोणावरून

कॉट थीटा = सावली ÷ काठी, म्हणून थीटा = कॉट⁻¹(सावली ÷ काठी)

कॉट म्हणजे काय, तर हेच. एक एकक उंचीच्या काठीची सावली. आणि कॉट⁻¹ म्हणजे सावलीवरून सूर्याची उंची.

रत्नागिरीचा अक्षांश जवळपास १७ अंश उत्तर. २२ डिसेंबरला सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला २३.४ अंशांवर असतो, म्हणजे आपल्या डोक्यापासून ४०.४ अंश दक्षिणेला कलतो. काठीची सावली उत्तरेकडे साधारण ८५ सेंटिमीटर. कॉट⁻¹(०.८५) म्हणजे ४९.६ अंश. मार्चच्या विषुवदिनी सावली ३०.६ सेंटिमीटर, कॉट⁻¹(०.३०६) म्हणजे ७३ अंश. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. सावली शून्य, थीटा ९० अंश. कॉट⁻¹(०) = ९० अंश, म्हणजेच पाय/२. इथे १ भागिले शून्य करायला गेलेला कॅल्क्युलेटर अडतो. काठी अडत नाही, तिला नुसती सावली नसते.

आता त्याच्या पुढे चल. मे महिना संपत आला आहे, पाऊस अजून लागलेला नाही, ऊन कडक आहे. २८ मेच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेएकवीस अंशांवर असतो, म्हणजे आपल्या डोक्याच्याही उत्तरेला साडेचार अंश गेलेला असतो. काठीची सावली आता दक्षिणेला पडते, सुमारे ७.९ सेंटिमीटर. आपल्या नियमाने ती ऋण: −०.०७९. दक्षिण क्षितिजापासून मोजत आलेला कोन ९० ओलांडून ९४.५ अंश झाला आहे. पुस्तकातलं कॉट⁻¹(−०.०७९) नेमकं हेच देतं, ९४.५ अंश.

तुझी पद्धत काय देते बघ. १ भागिले −०.०७९ म्हणजे साधारण −१२.७. टॅन⁻¹(−१२.७) म्हणजे −८५.५ अंश. याचा अर्थ भर दुपारी सूर्य दक्षिण क्षितिजाच्या ८५.५ अंश खाली! दोन उत्तरांत फरक बरोबर १८० अंशांचा. सूर्य, काठी आणि पायाखालची जमीन यांच्यातून जाणारी एक सरळ रेषा धर. −८५.५ आणि ९४.५ ही त्याच रेषेची दोन टोकं आहेत, एक आकाशात आणि दुसरं जमिनीखाली. कॉटला रेषा कळते, टोक कळत नाही. टोक आपण सांगायचं असतं. "कोन ० ते १८० मधला घे" याचा अर्थ इथे इतकाच की सूर्य क्षितिजाच्या वर आहे.

डिसेंबरपासून जूनपर्यंत सावली +८५ वरून ० मधून ऋण बाजूला सलग जाते, आणि सूर्यही ४९.६ वरून ९० मधून पलीकडे सलग जातो. कुठेही उडी नाही. मग या संबंधाचं वर्णन करणाऱ्या फलातही शून्यापाशी उडी असता कामा नये. ० ते पाय ही रेंज याच मागणीतून येते. कर्कवृत्ताच्या उत्तरेला, दिल्लीला, मध्यान्हीची सावली कधीच दक्षिणेला पडत नाही. तिथे क्ष कायम धन राहतो आणि दोन पद्धतींतला फरक काठीवर दिसतच नाही. आपल्याकडे मे ते ऑगस्ट तो दिसतो. जून-जुलैत ढगांमुळे मोजता येत नाही, म्हणून मेचे शेवटचे दिवस धरायचे.

हे काही नवं नाही. भारतीय ज्योतिषात १२ अंगुळांचा शंकू, म्हणजे काठी, उभी करून तिच्या सावलीवरून गणित करण्याची परंपरा फार जुनी. विषुवदिनाच्या मध्यान्हीच्या सावलीला पलभा म्हणतात. रत्नागिरीची पलभा १२ गुणिले ०.३०६, म्हणजे ३.६७ अंगुळं. आपल्याच किनाऱ्यावर, मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली 'ग्रहलाघव' लिहिला. ज्या (साइन) आणि चाप (वर्तुळाचा कंस) यांच्या कोष्टकांना टाळून ग्रहगणित सोप्या अंकगणितात बसवणं हे त्या ग्रंथाचं मोठं वैशिष्ट्य. पंचांगकर्त्यांनी तो पुढे कैक पिढ्या वापरला. सावलीवरून कोन काढायचा प्रश्न त्यांच्याही समोर होता. आपल्याला आज एका बटणावर मिळतं त्यासाठी त्यांनी किती हुशारीने वाटा शोधल्या असतील, हे कोन काढताना एकदा मनात यायला हवं.

पुन्हा वहीकडे. कॉट⁻¹ ला टॅन⁻¹ मध्ये बदलायचंच असेल तर व्यस्त करू नकोस, कोटिकोन घे (९० मधून वजा कर):

कॉट⁻¹ क्ष = पाय/२ − टॅन⁻¹ क्ष

हे सूत्र प्रत्येक वास्तव क्ष ला चालतं. धन, ऋण, शून्य, कुठेही अट नाही. टॅन⁻¹ ची रेंज −९० ते ९०. ती ९० मधून वजा केली की ० ते १८० मिळते. रेंज आपोआप जुळते. तुझं उदाहरण: टॅन⁻¹(−√३) = −६०; ९० − (−६०) = १५०. कॅल्क्युलेटरवरही हेच करायचं, १ भागायला जायचंच नाही. व्यस्ताचं सूत्र हवंच असेल तर ते दोन तुकड्यांत येतं: क्ष धन असेल तर कॉट⁻¹ क्ष = टॅन⁻¹(१/क्ष), ऋण असेल तर कॉट⁻¹ क्ष = पाय + टॅन⁻¹(१/क्ष). मुलं पहिला तुकडा लक्षात ठेवतात, दुसरा विसरतात. कोटिकोनाचं सूत्र धरलं तर विसरायला काही शिल्लकच राहत नाही.

ऋणाचा नियमही यातूनच निघतो: कॉट⁻¹(−क्ष) = पाय − कॉट⁻¹ क्ष. साइन इन्व्हर्स आणि टॅन इन्व्हर्समध्ये उणे चिन्ह सरळ बाहेर येतं. इथे येत नाही. काठीवर बघितलंस तर कारण दिसेल: सावली तितकीच लांब पण उलट दिशेला पडली, तर सूर्य डोक्याच्या पलीकडे तितकाच कललेला असतो. उत्तरेकडून मोजला तर जो कोन येईल तो दक्षिणेकडून मोजताना १८० मधून वजा होतो.

कॉट⁻¹(कॉट २००°) असलं गणित आलं तर १८० च्या पटी मिळवत किंवा वजा करत ० ते १८० मध्ये ये: उत्तर २०°. कॉट⁻¹(कॉट(−४०°)) चं १४०°. साइनमध्ये असताना आरशातला कोन घ्यावा लागतो, इथे फक्त सरकायचं. रेंज डोक्यात असली की हे प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटतात.

आता विकलनाकडे येऊ. तिथे एक गोष्ट आहे जी मला फार आवडते आणि जी बहुतेक वर्गांत घाईघाईत निसटते. कॉट⁻¹ क्ष चं विकलन −१/(१+क्ष²). कोटिकोनाच्या सूत्रावरून ते एका ओळीत मिळतं, टॅन⁻¹ च्या विकलनाला उणे चिन्ह लावलं की झालं. आता टॅन⁻¹(१/क्ष) चं विकलन कर. शृंखला नियमाने १/(१+१/क्ष²) गुणिले −१/क्ष², म्हणजे पुन्हा −१/(१+क्ष²). दोन्ही विकलनं सारखी! मग दोन फलांत फक्त एका स्थिरांकाचा फरक असायला हवा. धन बाजूला तो फरक शून्य आहे, ऋण बाजूला पाय आहे. एकाच स्थिरांकाच्या दोन किंमती कशा?

उत्तर असं की "विकलन शून्य, म्हणून फल स्थिर" हे विधान सलग अंतरालावरच खरं असतं. टॅन⁻¹(१/क्ष) ला शून्यापाशी किंमतच नाही. त्याचं डोमेन दोन बेटांत तुटलेलं आहे आणि प्रत्येक बेटाचा स्थिरांक वेगळा असू शकतो. याउलट टॅन⁻¹ क्ष + कॉट⁻¹ क्ष हे फल सगळ्या वास्तव संख्यांवर सलग आहे, त्याचं विकलन शून्य, म्हणून ते सगळीकडे एकच स्थिरांक आहे, आणि क्ष = ० ठेवून तो पाय/२ निघतो. संकलनाच्या शेवटी आपण जो '+ सी' लिहितो तो नुसता उपचार नाही, त्याच्यामागे सलग अंतरालाची अट दडलेली आहे. ही अट समजावायला मला यापेक्षा स्वच्छ उदाहरण सापडलेलं नाही.

विकलनाचा अर्थ डोळ्यांना दिसायला हवा असेल तर खाडीच्या धक्क्यावर उभी राहा. समोरून ५० मीटर अंतरावर एक होडी काठाला समांतर, सेकंदाला २ मीटर वेगाने उजवीकडून डावीकडे चालली आहे असं धर. उजव्या हाताच्या काठापासून होडीकडे जाणारा कोन कॉट⁻¹(क्ष/५०), क्ष हे काठाच्या दिशेने मोजलेलं अंतर, उजवीकडे धन. होडी १५० मीटर उजवीकडे असताना कोन सेकंदाला ०.००४ रेडियनने वाढतो, म्हणजे पाव अंशाहूनही कमी. मान जवळजवळ हलवावी लागत नाही. अगदी समोर आली की तोच वेग ०.०४ रेडियन, सव्वादोन अंशांहून जास्त, दहापट. डावीकडे गेली की पुन्हा मंदावतो. छेदातला १+क्ष² हेच सांगतो: शून्यापाशी बदल सर्वांत जलद, लांब गेल्यावर जवळजवळ काहीच नाही. आलेखाची दोन्ही टोकं ० आणि पाय या आडव्या रेषांना चिकटत का जातात, तेही इथे दिसतं. आणि होडी समोरून जाताना कोनाने ९० वरून −९० वर उडी मारली असं कुणालाही दिसत नाही.

"वेगळं फल शिकायचं कशाला" याचं आणखी एक उत्तर बेरजेच्या सूत्रात आहे. टॅन⁻¹ च्या बेरजेला अटींचं शेपूट असतं: गुणाकार १ पेक्षा कमी असेल तर अमुक, जास्त असेल आणि दोन्ही धन असतील तर पाय मिळवा, दोन्ही ऋण असतील तर वजा करा. कॉट⁻¹ चं सूत्र बघ:

कॉट⁻¹ अ + कॉट⁻¹ ब = कॉट⁻¹((अब − १)/(अ + ब)), अट फक्त अ + ब धन असावं

अट इतकी सुटसुटीत का? बेरीज १८० च्या आत राहायची तर कॉट⁻¹ ब हा १८० − कॉट⁻¹ अ पेक्षा लहान हवा. पण १८० − कॉट⁻¹ अ म्हणजेच कॉट⁻¹(−अ). फल उतरतं आहे, म्हणून ब हा −अ पेक्षा मोठा हवा. संपलं. अ + ब शून्य असेल तर बेरीज बरोबर १८०, आणि ऋण असेल तर उजव्या बाजूला पाय मिळवायचा. उदाहरणार्थ कॉट⁻¹ १ + कॉट⁻¹(१/२): सूत्राने कॉट⁻¹(−१/३), म्हणजे १०८.४ अंश. खरोखर ४५ आणि ६३.४ यांची बेरीज तितकीच. हेच टॅनमध्ये टॅन⁻¹ १ + टॅन⁻¹ २ होतं, सूत्र टॅन⁻¹(−३) देतं, म्हणजे −७१.६, आणि मग पाय मिळवायचं आठवावं लागतं. कॉट⁻¹ ची रेंज ते काम स्वतःच करते.

कॉट⁻¹ २ + कॉट⁻¹ ३ घे: (६−१)/५ = १, म्हणून बेरीज ४५ अंश. यावरून कोटिकोन घेतलेस तर टॅन⁻¹ २ + टॅन⁻¹ ३ = १८० − ४५ = १३५ अंश, कुठलीही अट न आठवता. टॅन⁻¹ १ मिळवला की १८० पूर्ण. टॅन⁻¹ १ + टॅन⁻¹ २ + टॅन⁻¹ ३ = पाय हे सुंदर समीकरण असं सहज हाती येतं.

कॉट⁻¹ च्या मालिकांमध्ये तर याचा खरा रस आहे. हे पद बघ: कॉट⁻¹(न² + न + १). त्याचं रूपांतर टॅन⁻¹(न+१) − टॅन⁻¹ न असं होतं, कारण (न+१) आणि न यांतला फरक १, आणि १ + न(न+१) हा त्याचा छेद. म्हणून

कॉट⁻¹ ३ + कॉट⁻¹ ७ + कॉट⁻¹ १३ + कॉट⁻¹ २१ + …

ही अनंत मालिका मधली सगळी पदं एकमेकांना खाऊन टाकते आणि ९० − ४५ = ४५ अंशांवर येऊन थांबते. पहिली चार पदं १८.४, ८.१, ४.४ आणि २.७, बेरीज ३३.७, ४५ ला उरलेले ११.३ अंश हे नेमके कॉट⁻¹ ५. हे योगायोगाने नाही, का ते तू शोध. असाच डाव कॉट⁻¹(२न²) मध्येही आहे, त्याचीही न = १ पासूनची बेरीज ४५ अंशच.

१७०६ मध्ये जॉन मॅचिनने पाय/४ = ४ कॉट⁻¹ ५ − कॉट⁻¹ २३९ हे सूत्र वापरून पायचे १०० दशांश काढले. कॅल्क्युलेटरवर तपास: ४ गुणिले ११.३०९९३ म्हणजे ४५.२३९७, त्यातून ०.२३९७ गेले. कॉट⁻¹ मधली संख्या (प) जितकी मोठी तितकी त्याची मालिका, १/प − १/३प³ + १/५प⁵ − …, भराभर आटोपते, म्हणून ५ आणि २३९ यांना महत्त्व. ही मालिका आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिणेला, केरळच्या माधवांच्या परंपरेत, युरोपच्या कितीतरी आधी माहीत होती.

आता यंत्रांबद्दल, कारण पुढे इंजिनीअरिंगला गेलीस की हाच प्रश्न पुन्हा भेटणार आहे. सगळी सॉफ्टवेअरं एकमत नाहीत. एक्सेलचं कॉट इन्व्हर्स ० ते पाय मध्ये उत्तर देतं, आपल्या पुस्तकासारखं. मॅटलॅब आणि मॅथेमॅटिका −१ ला −४५ अंश देतात, तुझ्या पद्धतीसारखं. तेही मूर्खपणाने केलेलं नाही. त्या निवडीत टॅन⁻¹(१/क्ष) चं सूत्र ऋण बाजूलाही टिकतं, चिन्ह बाहेर काढता येतं, आणि संमिश्र संख्यांमध्ये काम करताना फल अनंताकडे सुरळीत राहतं. किंमत मोजावी लागते ती शून्यापाशी: तिथे −९० वरून ९० वर उडी बसते. माझं मत विचारशील तर वास्तव संख्यांचं काम असेपर्यंत ० ते पाय हीच निवड धरावी. आपण मोजतो त्या गोष्टी, सावली असो की होडी, शून्यातून आरपार जातात. अनंतातून आरपार जाणारं काही आपण क्वचितच मोजतो. पायथॉनमध्ये साध्या मॅथ मोड्यूलमध्ये हे फल नाहीच. तिथे पाय/२ वजा 'एटॅन' लिही, किंवा 'एटॅन२' ला आधी १ आणि मग क्ष दे. दोन्हीकडून ० ते पाय मधलंच उत्तर येतं. कुठलंही नवं यंत्र हातात आलं की पहिल्यांदा −१ चा कॉट इन्व्हर्स विचारायचा. १३५ आलं की −४५, यावरून ते कुठल्या पंथाचं आहे ते कळतं.

परीक्षेत काय लिहायचं? बोर्डाला पायऱ्यांचे गुण असतात, म्हणून उत्तर नुसतं टाकू नकोस. "थीटा = कॉट⁻¹(−√३) मानू; म्हणून कॉट थीटा = −√३ आणि थीटा हा ० व पाय यांच्या मध्ये" ही ओळ आधी. मग −√३ = −कॉट(पाय/६) = कॉट(पाय − पाय/६) = कॉट(५पाय/६), आणि ५पाय/६ हा ० व पाय यांच्या मध्ये आहे, म्हणून थीटा = ५पाय/६. रेंजचा उल्लेख दोनदा आला पाहिजे, मानताना आणि शेवटी. तो नसेल तर −पाय/६ आणि ५पाय/६ यांत निवड का केली हे तपासणाऱ्याला दिसत नाही. सीईटीत पायऱ्या नसतात, पण चार पर्यायांत −पाय/६ बहुधा बसवलेला असतो, कारण तुझ्यासारखं १ भागून बघणारे पुष्कळ असतात.

सरावाला एक देतो: कॉट⁻¹(−२) + कॉट⁻¹(−३). सूत्रात टाकलं तर (६−१)/(−५) = −१, म्हणजे १३५ अंश, असं वाटेल. पण अ + ब ऋण आहे. दोन्ही कोन ९० पेक्षा मोठे असताना बेरीज १३५ कशी असेल? पाय मिळव, ३१५ येतात. दुसऱ्या वाटेनेही करून बघ, प्रत्येक पदाला पाय − कॉट⁻¹ चा नियम लावून: ३६० − ४५. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी आल्या की पुढच्या प्रकरणाकडे जायला हरकत नाही.